वस्तीवरच्या कुत्र्याच्या खोडी : ओळख आणि प्रतिबंध

शेतात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याकडे बैलजोडी असो वा नसो, कुत्रा बहुधा असतोच. विहिरीवरची मोटार, केबल, शेळ्या, कोंबड्या, खळ्यावर काढून ठेवलेला माल या सर्वांची राखण तो दोन वेळच्या भाकरीवर करतो. गाईच्या खुराकाबद्दल, गोठ्याबद्दल, लसीकरणाबद्दल आपण चार ठिकाणी चौकशी करतो. कुत्र्याचा विचार मात्र तो कोणाला चावल्यावर किंवा त्याने शेजाऱ्याची कोंबडी मारल्यावरच सुरू होतो. तोपर्यंत खोड पक्की झालेली असते.

पीकशास्त्र शिकवणाऱ्याने कुत्र्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. शिवारफेरीत आणि शेतकरी मेळाव्यात ठिबकच्या नळ्या कुरतडल्याची तक्रार नेहमी येते. दोष उंदराला किंवा खारीला दिला जातो. नळीवरचे दात नीट पाहिले तर काही वेळा ते घरच्याच पिल्लाचे निघतात. अशा तक्रारींतून हा विषय पुढे आला आणि त्यातील जाणकार पशुवैद्यकांशी बोलून, वाचून जी माहिती हाती आली ती येथे देत आहे.

खोड कशाला म्हणावे?

भुंकणे, जमीन उकरणे, पळणाऱ्या वस्तूमागे धावणे, हाड राखून बसणे, अनोळखी माणसाचा संशय घेणे हा कुत्र्याचा मूळ स्वभाव आहे. या स्वभावासाठीच आपण त्याला पाळतो. तोच स्वभाव नको त्या वेळी, नको त्या ठिकाणी किंवा प्रमाणाबाहेर दिसू लागला की त्याला आपण खोड म्हणतो. म्हणून स्वभाव मोडून काढण्याचा प्रयत्न फसतो. त्याला वळण द्यावे लागते. पिल्लू कोणत्या वयात आणले, पहिल्या तीन महिन्यांत त्याने काय पाहिले, त्याला किती वेळ बांधून ठेवले जाते आणि त्याच्या कोणत्या वागण्याला आपल्याकडून नकळत बक्षीस मिळते, हे चार प्रश्न विचारले की बहुतेक खोडींचे मूळ सापडते. कुत्र्याची जात हा प्रश्न त्यानंतरचा.

पिल्लू आणताना

डोळे उघडले की पिल्लू उचलून आणण्याची आपल्याकडे घाई असते. साधारण दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, पण त्या वयात ते आईपासून तोडणे चुकीचे आहे. सात ते आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईजवळ आणि भावंडांत राहू द्यावे. भावंडे खेळताना एकमेकांना चावतात. जोरात चावले की समोरचे पिल्लू ओरडते आणि खेळ थांबतो. दात किती जोराने लावायचे हे कुत्रा याच वयात शिकतो. एकटे वाढलेले पिल्लू हे शिकत नाही आणि पुढे खेळताना मुलांच्या हातातून रक्त काढते. त्याला आपण 'तिखट' म्हणून मिरवतो, हा भाग वेगळा.

त्याहून महत्त्वाचा काळ म्हणजे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला व १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तेथेच १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले कुंपण घातलेल्या मोकळ्या शेतात आईबरोबर, पण माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली होती. यापैकी जी पिल्ले थेट चौदाव्या आठवड्यात माणसाजवळ आणली, ती रानटी जनावरासारखी बुजली आणि नंतर माणसाळवण्याचा प्रयत्न करूनही पुरती सुधारली नाहीत. आधीच्या आठवड्यांत थोडा सहवास मिळालेली पिल्ले मात्र माणसाळली.

आपल्या वस्तीवर हाच प्रयोग नकळत होत असतो. घरातली चार माणसे सोडली तर पिल्लाला कोणी दिसत नाही. मग डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, छत्री उघडलेला माणूस, हेल्मेट घातलेला दूधवाला, ऊसतोडीला आलेली माणसे हे सारे त्याला शत्रू वाटतात. म्हणून या वयात त्याला रोज थोडे थोडे नवे दाखवावे. वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी त्याला हात लावावा, भाकरीचा तुकडा द्यावा. बैल, ट्रॅक्टर, मोटारसायकल, कोंबड्या यांची सवय लावावी. कान, तोंड, पाय हाताळावेत, म्हणजे पुढे इंजेक्शन देताना किंवा गोचीड काढताना तो अंगावर येत नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मात्र पिल्लाला गावातील इतर कुत्री बसतात त्या जागी नेऊ नये. पार्व्होसारखा आजार तेथूनच येतो. माणसे आणि वस्तू त्याच्याकडे याव्यात.

'सगळ्यांशी ओळख झाली तर तो राखण काय करणार?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. राखण करणारा कुत्रा आणि घाबरलेला कुत्रा यांत फरक आहे. चांगला राखणदार भुंकून वर्दी देतो, मालक आल्यावर मागे सरतो. घाबरट कुत्रा मागून येऊन पोटरी धरतो. रात्री अंगणात परके पाऊल वाजले की भुंकणे हे रक्तातच असते, त्यासाठी त्याला माणसांपासून लपवून वाढवावे लागत नाही. मेंढपाळांची कुत्री पहा. पिल्लूपणापासून कळपातच वाढल्याने ती मेंढ्यांना आपले मानतात, आणि वाड्यावर परका आला तर त्याला जवळ फिरकू देत नाहीत.

कान कापल्याने किंवा मिरची खाऊ घातल्याने कुत्रा तिखट होतो, हा समज निराधार आहे. त्यामुळे पिल्लाला फक्त वेदना होतात आणि माणसाच्या हाताची भीती बसते. मुलांनी 'छू' करून वाटसरूच्या अंगावर कुत्रा सोडणे हाही खेळ नव्हे. एकदा शिकवलेले तो पुढे हुकमाशिवाय करतो.

साखळी आणि एकटेपणा

चोवीस तास खुंटीला बांधलेला कुत्रा सर्वांत जास्त खोडी करतो, असे माझे निरीक्षण आहे. त्याला पळून सुटका करून घेता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तो आधीच धावून जातो. साखळी ताणली की मान आवळते, राग वाढतो. दिवसभर काही काम नसल्याने गोल फिरणे, स्वतःचा पाय चाटून जखम करणे, रात्रभर एकसुरी भुंकणे सुरू होते. असा कुत्रा रात्रभर भुंकतो म्हणून मालक खूश असतो, पण सतत भुंकणाऱ्याची वर्दी कोणी ऐकत नाही. खरा चोर आला तरी घरचे कूस बदलून झोपतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात अकरावे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहेच, शिवाय नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही गुन्हा धरला आहे.

बांधणे भागच असेल तर खुंटीऐवजी दोन खांबांमध्ये डोक्याच्या उंचीवर तार ताणून तिच्यात कडी अडकवावी आणि कडीला साखळी बांधावी. कुत्र्याला तारेच्या लांबीइतके फिरता येते. तारेच्या वाटेत झाड, खांब, औत ठेवू नये, साखळी गुंडाळली जाते. सावली आणि पाणी तारेच्या टप्प्यात असावे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास बांधावरून बरोबर फिरवले तर भुंकणे आणि उकरणे दोन्ही कमी होते. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का, अंगाला पिसवा किंवा लूत आहे का, तो उपाशी आहे का हेही पहावे.

बिबट्याच्या भागातील शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्याचा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, आढळला. उसाच्या कडेला रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला अंगणापर्यंत दिलेले आमंत्रण होय. अशा ठिकाणी रात्री कुत्रा जाळीच्या बंदिस्त खोपीत किंवा पडवीच्या दाराआड ठेवावा. वर्दी तो तेथूनही देतो.

मोटारसायकलमागे धावणे

ही खोड अपघाताला कारण होते. मागे बसलेली बाई पडते, दुधाचे कॅन सांडतात, कधी कुत्राच चाकाखाली येतो. कुत्रा धावतो, भुंकतो आणि गाडी निघून जाते. कुत्र्याच्या हिशेबाने त्यानेच तिला पळवून लावले. रोज मिळणारे हे यश हेच त्याचे बक्षीस. म्हणून नुसत्या दगडाने ही खोड जात नाही.

दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळेच्या गाडीची वेळ ठरलेली असते. त्या वेळी कुत्र्याला आत घेऊन खाणे द्यावे. चार-सहा आठवडे पाठलागाची संधीच मिळू दिली नाही तर सवय विरत जाते. त्याबरोबर लांब दोरी लावून हाकेला परत येण्याचे शिक्षण द्यावे. नाव घेऊन हाक मारावी, आला की भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. प्रथम शांत अंगणात, मग शेळ्यांजवळ, शेवटी रस्त्याकडेला. पाठलाग करून परत आलेल्या कुत्र्याला मारणे हे सर्वांत चुकीचे; तो 'परत आलो म्हणून मार बसला' एवढेच शिकतो. कुत्र्याला कृती आणि परिणाम यांचा संबंध एक-दोन सेकंदांतच लागतो. दुपारी मारलेल्या कोंबडीबद्दल संध्याकाळी दिलेला मार त्याला कळत नाही. तो तोंड पाडतो ते आपल्या रागाकडे पाहून, पश्चात्तापाने नव्हे.

वाटेने जाणाऱ्या गाडीस्वाराने वेग वाढवण्याऐवजी कमी करावा किंवा थांबावे. पळणारी वस्तू थांबली की बहुतेक कुत्र्यांचा जोर ओसरतो.

कोंबड्या, अंडी आणि करडे

मुधोळ, कारवानी, पश्मी या जातींची कुत्री नजरेने भक्ष्य हेरून धावणारी आहेत. त्यांची पैदासच पाठलागासाठी झालेली आहे. कोंबड्या मोकळ्या सोडणाऱ्याने असे कुत्रे घेताना दहा वेळा विचार करावा, आणि घेतलेच तर दोन महिन्यांच्या वयापासून कोंबड्यांत वाढवावे. सशामागे कुत्रा सोडणे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

गावठी कुत्र्यांत ही खोड बहुधा आपणच लावतो. रोगाने मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकली जाते, फुटलेले अंडे खुराड्यातच त्याला चाटू दिले जाते, गाय व्यायली की पडलेली वार तो ओढून नेतो. चव आणि वास एकदा लागला की कोंबडी, अंडे आणि नवजात वासरू हे त्याच्या दृष्टीने खाण्याच्या यादीत जातात. मेलेल्या कोंबड्या व वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. अंडे द्यायचेच तर उकडून, सोलून, त्याच्या भांड्यात द्यावे. मेंढी-शेळीचे कच्चे आतडे, यकृत, फुप्फुस कुत्र्याला टाकू नये. त्यातून त्याच्या पोटात फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. दर तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

नुसत्या ताक-भाकरीवर असलेल्या कुत्र्याला प्रथिने कमी पडतात आणि तो चोरी शिकतो. भाकरीबरोबर शिजवलेली डाळ, थोडे दूध, अधूनमधून अंडे किंवा शिजवलेले मांस द्यावे व वेळ ठरलेली असावी. कोंबडीवर डोळा ठेवून ताठ उभा राहिला की लगेच, म्हणजे धाव घेण्यापूर्वी, हाक मारून वळवावे. उडी घेतल्यानंतर तो ऐकत नाही.

नळ्या कुरतडणे, वाफे उकरणे

पिल्लाचे दुधाचे दात सुमारे चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि ते चप्पल, दोर, नळी जे मिळेल ते चावते. ही खोड वयाबरोबर जाते, तोपर्यंत त्याला चावायला जाड दोराची गाठ किंवा चामड्याचा तुकडा द्यावा आणि ठिबकच्या पसरलेल्या नळ्यांत मोकळे सोडू नये. मोठा कुत्रा नळी फोडत असेल तर उन्हाळ्यात तो पाण्यासाठी फोडतो. शेताच्या दोन कोपऱ्यांत सावलीत पाण्याची भांडी ठेवून रोज भरली तर नुकसान बरेच थांबते. कोल्हे आणि पक्षीही तेच पाणी पितात, त्याचा फायदाच होतो.

रोपवाटिकेतले वाफे कुत्रा उकरतो कारण ओली माती गार असते. झाडाखाली त्याच्यासाठी पाणी मारलेल्या वाळूचा खड्डा केला की तो तेथे बसतो. वाफ्यावर काट्या किंवा शेडनेट टाकावे. दुसरे कारण खताचा वास. हाडांचे खत, मासळी खत, पेंडी घातलेली आळी कुत्री आवर्जून उकरतात आणि पेंड खातात. एरंडीची पेंड कुत्र्याला विषारी आहे; ती खाल्ल्यास रक्ताची हगवण, उलट्या होऊन कुत्रा मरू शकतो. एरंडी पेंड हाडांच्या खतात मिसळून वापरली तर धोका वाढतो, कारण वासाने तो ओढला जातो. अशी खते खोल मिसळून वर मातीचा थर द्यावा, पोती बंद खोलीत ठेवावीत.

गुरगुरणे आणि चावणे

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा सूचना देतो. अंग ताठ होते, पाठीवरचे केस उभे राहतात, नजर रोखली जाते किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, ओठ वर जातात. भ्यालेला कुत्रा त्याआधी तोंड फिरवतो, वारंवार ओठ चाटतो, जांभया देतो, शेपूट पायात घालतो. शेपूट हलते म्हणजे मैत्री, असे नेहमीच नसते. उंच, ताठ आणि थरथरणारी शेपूट हा इशारा आहे.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. मार बसल्याने गुरगुरणे बंद होते, भीती किंवा राग तसाच राहतो. मग तो सूचना न देता चावतो, आणि लोक म्हणतात, 'काही कारण नसताना चावला'. गुरगुरला की आपण थांबावे, कशामुळे गुरगुरला ते पहावे.

खाण्यावर गुरगुरणारा कुत्रा घरोघरी असतो. त्याच्या पुढ्यातले भांडे ओढून धाक दाखवण्याची पद्धत उलटी पडते. खात असताना लांबूनच चांगला तुकडा त्याच्याकडे टाकावा आणि निघून जावे. काही दिवसांत माणूस जवळ आला म्हणजे काही जास्त मिळते हे त्याला कळते. घरात दोन कुत्री असतील तर वेगळ्या जागी खाणे द्यावे. कुत्रा खाताना, झोपलेला असताना किंवा कुत्री पिल्लांजवळ असताना लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये. लहान मूल आणि कुत्रा यांना, कुत्रा कितीही गरीब असला तरी, एकटे सोडू नये. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, त्यामुळे जखमा चेहऱ्यावर होतात.

कुत्री सर्वसाधारणपणे सहा महिन्यांनी माजावर येते. त्या वेळी नर गावभर फिरतात, मारामाऱ्या होतात, जखमा होतात. पैदास करायची नसेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने निर्बीजीकरण करून घ्यावे. भटकणे आणि मारामाऱ्या कमी होतात. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दूरच्या गावात सोडणाऱ्यांनी हे आधी करावे.

इतके करूनही एखादा कुत्रा पुन्हा पुन्हा माणसांवर धावत असेल तर त्याला जाळीत ठेवावे, बाहेर काढताना मुस्के घालावे आणि पशुवैद्यकाला दाखवावे. भाकरीत विष घालून मारण्याचा मार्ग काही ठिकाणी अवलंबतात. जनावराला मारणे किंवा विष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, आणि ती भाकरी शेजाऱ्याचा कुत्रा, शेळी किंवा मूलही उचलते.

वागणूक अचानक बदलली तर

वर सांगितलेल्या खोडी हळूहळू जडतात. शांत कुत्रा एका-दोन दिवसांत बदलला तर ती खोड नसून आजार समजावा. म्हातारा कुत्रा हात लावताच चावू लागला तर कानात, दातात किंवा सांध्यात वेदना असू शकतात. पण सर्वांत आधी पिसाळण्याचा, म्हणजे रेबीजचा विचार करावा. पिसाळलेला कुत्रा दिसेल त्याला चावत पळतो, हे एक रूप. दुसरे रूप गप्प असते. कुत्रा अंधारात कोपऱ्यात बसतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे समजून मालक तोंडात हात घालतो आणि तेथेच घात होतो. गाय-म्हैस हंबरते, लाळ गाळते, गिळू शकत नाही तेव्हाही तोंडात हात घालण्यापूर्वी पशुवैद्यकाला बोलवावे.

कुत्रा चावला, नख लागले किंवा त्याची लाळ जखमेवर पडली तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. मांत्रिकाकडे न जाता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आलेल्या जखमेभोवती लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. लस दंडात स्नायूमध्ये दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ गेला. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, पण त्याची वाट पाहत लस थांबवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस आणि त्यानंतर पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे, साधारणपणे दरवर्षी, पुढची लस द्यावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असून त्या सुमारास अनेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीकरणाची शिबिरे होतात. गाई-म्हशींच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीची तारीख ज्या वहीत लिहिता, त्याच वहीत कुत्र्याच्या लसीचीही तारीख लिहून ठेवावी.